अत्तीचा आवाज, तीन डब्यांतून

यंदाचा गळीत हंगाम सुरू झाला. उचगावच्या अलीकडे सकाळी माझी गाडी उसाच्या दोन ट्रॉल्यांच्या मध्ये अडकली आणि बराच वेळ तिथंच राहिली. पुढच्या ट्रॉलीतून एक लांब ऊस घसरून खाली आला होता आणि प्रत्येक धक्क्याला डांबरावर खरडत होता. मागच्या ट्रॅक्टरवाल्यानं गाणं लावलं होतं, इतकं मोठ्यानं की त्यात गाणं कमी आणि पत्रा जास्त ऐकू येत होता. मी काच वर केली. तरी मळीचा आंबूस-गोड वास आत आलाच. या दिवसांत तो कोल्हापुरात सगळीकडेच असतो. वाळत घातलेल्या कपड्यांना लागतो, थंडीतल्या सकाळच्या धुक्यात मिसळतो, आणि दोन आठवड्यांनी जाणवेनासा होतो.

या वासाबरोबर मला दरवर्षी एकच हिवाळा आठवतो. त्याचा उसाशी संबंध नाही. त्या हिवाळ्यात मी माझ्या मामांच्या घरी दुपारच्या वेळी तीन डबे आलटूनपालटून वायरींना जोडत बसले होते. डबे म्हणजे खरोखरच डबे, पत्र्याचे, काळे. त्यातला कोणता घ्यायचा एवढाच प्रश्न होता.

दोन हजार साल मागं पडून तीन-चार वर्षं झाली होती. मी तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्स शिकवत होते. मामांचं, म्हणजे धनपालमामांचं, लक्ष्मीपुरीत पाण्याच्या मोटारींचं आणि पाइपांचं दुकान होतं. मूळचे ते जयसिंगपूरचे, आईच्या माहेरचे, पण ऐन तारुण्यात कोल्हापूरला आले ते इथलेच झाले. शेतकरी दुकानात मोटार घेऊन आला की मामा ती न खोलता आधी सुरू करायला सांगायचे. डोळे मिटून ऐकायचे आणि म्हणायचे, "बेअरिंग गेलंय. वाइंडिंग बरं हाय." बहुतेक वेळा ते बरोबर निघायचं. त्यांना कानाचा अभिमान होता, पण तो ते बोलून दाखवत नसत.

घरी त्यांच्याकडे एक जुना, जड अँप्लिफायर होता आणि सागवानी खोक्यातले दोन मोठे स्पीकर, जे त्यांनी उद्यमनगरातल्या सुताराकडून स्वतः उभं राहून करून घेतले होते. कोल्हापुरात तेव्हा असा शौक असलेली माणसं एका हाताच्या बोटांवर मोजता आली असती. बाकीच्यांना मामा थोडे वेडे वाटायचे. मामींना काय वाटायचं ते कळत नसे.

मामींना मी अत्ती म्हणते. आमच्या सीमेकडच्या जैन घरांत कानडी नाती अशीच मराठीत येऊन बसली आहेत. पद्माअत्ती चिकोडीकडची. लग्न होऊन आली तेव्हा तिला मराठी जेमतेम यायचं. पुढं ती अस्सल कोल्हापुरी बोलायला लागली, इथल्या बायकांसारखं 'मी आलो, मी जातो' म्हणायला लागली. आणि ती गायची.

शिकायला मी त्यांच्याच घरी होते. त्यांना मूलबाळ नव्हतं, आणि राजारामपुरीतल्या त्या वरच्या मजल्यावर एका मुलीला पुरेल एवढी जागा होती. नव्वदीची ती सुरुवातीची वर्षं. सकाळी मी उठायची ती तंबोऱ्यानं. अत्ती स्वयंपाकघराला लागून असलेल्या खोलीत, भिंतीकडं तोंड करून बसलेली असायची. तिचा आवाज पातळ होता, मोठा नव्हता, पण तो वर चढताना कुठंही जोर लावल्याचं जाणवत नसे. जिना चढणारं माणूस बोलत बोलत वर येतं आणि बोलणं तुटत नाही, तसं काहीसं. मंगळवारी ती मिरजेला तिच्या गुरुजींकडं जायची, सकाळच्या गाडीनं. येताना कधी पेरू आणायची, कधी काही न बोलता सरळ खोलीत जायची आणि तीच एक जागा तासभर घोटायची.

महिन्यातून एकदा घरी बैठक व्हायची. दहा-पंधरा माणसं. सूर्यास्ताआधी जेवण हा घरचा नेम, त्यामुळं बैठकही दुपारीच. मामा मच्छरदाणीच्या काठीला माइक बांधून तो अत्तीच्या समोर उभा करायचे आणि कोपऱ्यात डेकपाशी बसायचे. गाण्याला दाद देणं त्यांना जमत नसे. ते फक्त सुई बघत बसायचे, आवाज लाल खुणेच्या पुढं जातो का ते. कॅसेट संपली की तिच्यावर बारीक अक्षरात महिना आणि वर्ष लिहायचे. अशा कॅसेटी जमत गेल्या.

मग अत्तीच्या गळ्यात गाठ निघाली.

डॉक्टर म्हणाले, गाठ वाढतेय, काढलेली बरी. त्याच हिवाळ्यात सांगलीच्या एका मंडळानं अत्तीला पहिल्यांदा बाहेर गायला बोलावलं होतं. दोन महिने उरले होते. मी शेजारच्या खोलीत परीक्षेचं वाचत होते आणि भिंत पातळ होती.

"कार्यक्रम होऊ द्या," अत्ती म्हणाली. "मग काय ते करा."

"न्हाय. आत्ताच करायचं," मामा म्हणाले.

"दोन म्हैन्यांत काय हुतंय?"

"काय हुतंय ते मला बघायचं न्हाय."

एवढंच बोलणं झालं. ऑपरेशन झालं. गाठ साधी निघाली, त्यात काही वाईट नव्हतं. ही बातमी पेढे वाटण्यासारखी होती आणि मामांनी पेढे वाटलेही. पण साधी निघाली याचा दुसरा अर्थ असा की थांबता आलं असतं. दीड महिन्यानं अत्तीचा बोलण्याचा आवाज परत आला. गाण्याचा वरचा भाग आला नाही. तिनं वर्षभर प्रयत्न केला. एके दिवशी तंबोऱ्याला गवसणी घातली आणि म्हणाली, "वर जात न्हाय." त्या विषयावर तिनं उच्चारलेलं मी ऐकलेलं हे एकच वाक्य.

घरात भांडण झालं नाही. दोघं नीट वागायचे. अत्ती वेळेवर जेवण करायची, मामा दुकानातून आल्यावर दिवसभराचं सांगायचे. फक्त स्पीकरवर काही वाजायला लागलं की अत्ती उठून बाहेर जायची, शेजारी नाहीतर गच्चीवर. काही दिवसांनी मामांनी स्पीकर लावणंच सोडलं. त्यावर एक चादर टाकली. मी एकोणीस-वीस वर्षांची होते आणि माझं मत पक्कं होतं: मामांनी घाई केली, अत्तीचा आवाज गेला. मी ते कधी बोलून दाखवलं नाही, पण मामांशी वागताना त्यानंतर माझ्यात एक बारीक कोरडेपणा आला. त्यांना तो कळला असणार. बेअरिंग ऐकणाऱ्या माणसाला तो न कळणं शक्य नव्हतं.

अशी आठ वर्षं गेली.

त्या हिवाळ्यात मामांनी मला दुकानात बोलावलं. आजूबाजूला पाइपांचे ढीग, बाहेर उसाच्या गाड्यांची रीघ. त्यांनी गल्ल्याच्या मागून तीन सीडी काढल्या.

"कॅसेटींना बुरशी लागली ती," ते म्हणाले. "पुण्याला एकाकडनं सीडी करून आणल्या. घरी कुणी नसताना लावून बघितल्या."

"मग?"

"आवाज स्वच्छ हाय. पण ती न्हाय."

"म्हणजे?"

त्यांना सांगता येईना. मोटारीबद्दल ते एका वाक्यात बोलायचे, इथं शब्द शोधत होते. "थंड हाय," शेवटी म्हणाले. "शेजारच्या घरात बसून कुणी तिची नक्कल करावी तसं. सुजाता, तू शिकलेली हायस. हे का होतंय?"

मी त्यांना सांगितलं. सीडीवर आवाज नसतो, आकडे असतात. एका सेकंदाच्या आवाजाची हजारो वेळा मोजणी करून ते लिहिलेले असतात. त्या आकड्यांची पुन्हा लाट करायचं काम प्लेअरच्या पोटातला एक लहान भाग करतो, आणि स्वस्त प्लेअरमध्ये तो भागही स्वस्त असतो. तोच भाग वेगळ्या डब्यात, चांगल्या वीजपुरवठ्यासकट मिळतो. त्याला डॅक म्हणतात.

मामांनी ऐकून घेतलं. "म्हणजे दुभाष्या," म्हणाले. "आमच्या लग्नाच्या बोलणीत होता तसा. माझा सासरा कानडीत काय बोलला आणि त्या बाबानं मला मराठीत काय सांगितलं, अजून कळलं न्हाय." मग सीडी माझ्याकडं सरकवत, "चांगला दुभाष्या बघ."

अशी ती शोधाशोध सुरू झाली. पहिला डबा पुण्याच्या विक्रेत्यानं काही दिवस ऐकायला दिला. नवा, चपटा, समोर एक निळा दिवा. दुसरा बेंगळुरूहून आला, तिथल्या एका हौशी माणसाचा, विकायला काढलेला. त्याच्यात दोन काचेचे व्हॉल्व्ह होते, जुन्या रेडिओत असायचे तसे, आणि ते तापून नारिंगी होईपर्यंत वाट बघावी लागायची. तिसरा इक्बालभाईंनी केला. इक्बालभाई मामांच्या दुकानासमोरच रेडिओ-टेप दुरुस्त करायचे. त्यांनी भंगारातल्या एका जुन्या प्लेअरमधली चिप काढली आणि ती सर्किटच्या दुसऱ्या पाटीवर बसवली.

"नव्या चिपा लई हुशार हायत मॅडम," ते मला म्हणाले. "आकड्यांच्या मधलं सवताच भरत्यात. ही म्हातारी जेवढं दिलंय तेवढंच सांगती."

मध्येच मामांनी कुणाकडून तरी ऐकलं की चांदीच्या तारेनं आवाज गोड होतो. ते बसनं चांदीकामाच्या हुपरीला गेले. तिथल्या एका कारागिरानं घरच्या घरी चांदीची तार ओढून दिली आणि कशाला पाहिजे ते विचारलं. मामांनी सांगितल्यावर तो म्हणाला, "पावणं, एवढ्यात सुनंला पैंजण झालं असतं की." मामांना सून नव्हती. ते तार घेऊन आले. मी ती जोडली, मोजून बघितली, तांब्याच्या वायरीत आणि तिच्यात काही फरक मिळाला नाही. मामा म्हणाले, फरक आहे. मी वायरींवर कापड टाकून ऐकवलं तेव्हा त्यांना कुठली कोणती ते सांगता आलं नाही. त्यांनी ते मान्य केलं, पण तार काढू दिली नाही.

वीज जायची ते दिवस होते. भारनियमनाचं वेळापत्रक स्वयंपाकघराच्या दारामागं चिकटवलेलं असायचं. त्यातून दुपारचे दोन तास मिळत. मी कॉलेजमधून लवकर निघायची, मामा दुकान नोकरांवर सोपवून यायचे. चादर काढलेले स्पीकर, खिडकीतून येणारं तिरकं ऊन, त्यात उसाच्या चिपाडाची उडणारी काळी राख. कारखान्याची चिमणी इथून किती लांब, तरी ती राख खिडकीच्या कठड्यावर येऊन बसायची. आम्ही सीडी लावली की अत्ती चप्पल घालायची आणि शेजारी जायची. जिन्यावरून तिची पावलं खाली जाताना ऐकू यायची. ती थांबल्यावर मामा म्हणायचे, "हं, लाव."

तिन्ही डब्यांचा आवाज मी मीटरनं सारखा करून घेतला होता, कारण जरा मोठा आवाज माणसाला नेहमी बरा वाटतो. मग कोणता चालू आहे हे न सांगता एकेक ऐकवायची. मामांचं उत्तर बदललं नाही. व्हॉल्व्हचा डबा लागला की त्यांचे खांदे खाली यायचे. एकदा म्हणाले, "ही बघ, आली." आणि खरंच, त्या डब्यातून अत्तीचा आवाज भरलेला येई, कडेनं जरा सोनेरी, जवळ बसल्यासारखा. इक्बालभाईंचा डबा मधला होता. पुण्याचा डबा सगळं दाखवायचा. बैठकीतल्या कुणाचं खोकणं, रस्त्यावरचा भाजीवाला, तबलजीनं हातोडी खाली ठेवली तो आवाजसुद्धा. मामांना तो आवडत नसे. "ह्यो पंचनामा करतोय," म्हणायचे.

मामांच्या त्या 'थंड'च्या उलट जी ऊब, त्या शब्दाचा मी तेव्हा बराच विचार केला. आमच्या शास्त्रात त्याला एकक नाही. जे मोजता येतं ते असं की व्हॉल्व्ह मूळ आवाजात स्वतःचं थोडं मिसळतो आणि वरच्या बारीक गोष्टी जरा मऊ करतो. म्हणजे ती एक चूकच असते, पण कानाला गोड लागणारी. विद्यार्थ्यांना मी सांगितलं असतं की यंत्रानं जे आहे ते द्यावं. मामांना सांगावंसं वाटलं नाही. आठ वर्षं चादरीखाली ठेवलेलं काहीतरी ते पुन्हा बघत होते, आणि ते कसं बघावं हे त्यांना मी सांगणं शोभलं नसतं. शिवाय मला वाटत होतं की त्यांना त्या डब्यातून माफी पाहिजे आहे. ती विकत मिळत असेल तर मिळू दे, असा माझा त्या वेळचा, फारसा दयाळू नसलेला विचार होता.

एका दुपारी मामा आले नाहीत. दुकानात कुणाची तरी मोटार जळाली होती. मी पुण्याचा डबा परत पाठवायचा म्हणून शेवटचा तपासत होते. तिसरी सीडी लावली होती, सगळ्यात शेवटच्या बैठकीची; त्या पावसाळ्यात बैठका थांबल्या त्या पुन्हा झाल्याच नाहीत. अत्ती चप्पल घालून जिन्यात गेली होती. गाणं चालू होतं, मी पाठमोरी वायर गुंडाळत होते. मागं बघितलं तर अत्ती दारात उभी. पायात चप्पल तशीच.

"ते मागं घे," ती म्हणाली.

मी घेतलं. ती ऐकत राहिली. आवाज वर चढत गेला, वरच्या सुराजवळ आला.

"परत."

तिसऱ्यांदा लावल्यावर ती आत येऊन खाली बसली. इतक्या वर्षांत ती त्या स्पीकरसमोर बसलेली मी बघितली नव्हती.

"हितं मी श्वास घेतलो," ती म्हणाली. "तानेच्या मधी. ऐकलीस?"

मी ऐकलं नव्हतं. तिनं सांगितल्यावर ऐकू आलं. वरच्या सुराच्या अगदी आधी, एक लहानसा, चोरून घेतलेला श्वास, आणि त्यानंतरचा सूर सुरुवातीला जरासा खरखरीत.

"आधीची लाव. पैली."

पहिली सीडी दोन वर्षं आधीच्या बैठकांची होती. तोच राग तीत होता. अत्तीनं बोटानं ताल धरला. तीच चढण आली आणि आवाज एका दमात, न थांबता वर गेला. अत्तीनं परत शेवटची लावायला सांगितली. या वेळी तिनं मोजलं. अर्ध्या तासाच्या गाण्यात असा श्वास पाच ठिकाणी होता.

"ही बैठक कवाची?"

वेष्टनावर मामांच्या अक्षरात महिना होता. ऑपरेशनच्या आधीचा, पाच महिने आधीचा. तेव्हा गाठ कुणाला दिसतही नव्हती.

अत्तीनं वेष्टन हातात घेऊन ते अक्षर स्वतः वाचलं. मग म्हणाली, "तवाच आवाज जात हुता की."

मी घरी गेले ते एक शंका घेऊन. कॅसेटला बुरशी लागलेली होती. खरखर टेपची असू शकते. अत्ती जे ऐकते आहे ते तिचा गळा आहे की फिरून फिरून झिजलेली फीत, हे मला माहीत असणं भाग होतं, कारण एका माणसाच्या आठ वर्षांचा हिशेब त्यावर उलटणार होता. दुसऱ्या दिवशी मी सीडी प्रयोगशाळेत नेली आणि ती जागा हेडफोन लावून, पडद्यावर लाट बघत, पुन्हा पुन्हा ऐकली. टेप खराब असती तर तिथं हार्मोनियमही खरखरला असता. तो स्वच्छ होता. आणि बुरशीनं खरखर येते, श्वास येत नाही. मी ते संध्याकाळी अत्तीला सांगितलं. ती म्हणाली, "तू कशाला तपासलीस? माझा गळा मला कळत न्हाय व्हय?"

रविवारी दुपारी तिनं स्वतः मामांना बोलावलं. पुण्याचा डबा मी तिच्या सांगण्यावरून ठेवून घेतला होता. मामा आले, खुर्चीत बसले, अत्ती खाली सतरंजीवर बसलेली बघून काय करावं ते त्यांना कळेना. तेही खाली बसले.

"पैली लाव," अत्ती मला म्हणाली. आणि मामांना, "ऐका. हितं एका दमात जातोय बघा."

मामांनी ऐकलं. मग मी शेवटची लावली.

"आता हितं."

"काय?" मामा म्हणाले.

"परत लाव गं."

दुसऱ्या वेळेला मामांची मान बाजूला वळली. दुकानात मोटारीजवळ वळायची तशी. "श्वास घेतलीस व्हय मधी?"

"व्हय. असं पाच ठिकाणी हाय."

"म्हणजे?"

"म्हणजे त्याच्या आधीच जात हुता. गाठीनं. ऑपरेशननं न्हाय. दोन म्हैने थांबलो असतो तर त्या कार्यक्रमात समद्यांच्या म्होरं गेला असता."

मामांनी माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, "बरोबर आहे मामा. मी तपासलंय."

ते सतरंजीच्या काठाचा एक धागा ओढत राहिले. "तवा तुला कळलं न्हाय?"

"गाताना न्हाय कळलं. दमलो असन असं वाटलं. कळलं असतं तर आठ वर्सं तुमच्यावर राग धरला असता व्हय?"

"धरलावतास तू?"

"धरला हुता."

मामांनी तो धागा सोडून दिला. "मला वाटायचं तुला नुसतं वाईट वाटतंय," ते म्हणाले.

"ते बी वाटत हुतं."

सीडी चालूच होती. कुणी बंद केली नाही. बैठकीत कुणीतरी हळू आवाजात वा म्हटलं ते त्या डब्यातून स्पष्ट ऐकू आलं. मामा उठले, मोरीत जाऊन त्यांनी बराच वेळ तोंड धुतलं. मी वायरी गोळा करायच्या निमित्तानं स्पीकरच्या मागं गेले. उन्हं उतरायच्या आत जेवायला बसलो तेव्हा अत्तीनं भाकरीबरोबर नवी काकवी वाढली, आणि मामांनी दुसरी भाकरी मागून घेतली. एरवी ते एकीवर उठायचे.

त्या जेवणात मला माझ्या मताची लाज वाटली. ते मत मी इतकी वर्षं बाळगलं होतं आणि त्याला आधार काय, तर पातळ भिंतीतून ऐकलेली चार वाक्यं. ऐकणं हा माझा अर्धा व्यवसाय. मामांची माफी मी पुढंही कधी शब्दांत मागितली नाही. फक्त त्यांच्या दुकानात जायला लागले, कामाशिवाय.

आता मामा नाहीत. अत्ती माझ्याकडं असते, तिला कमी ऐकू येतं, आणि तिच्या कानातल्या यंत्रातही त्याच जातीची एक चिप आहे. ती कुरकुर करते की त्यातून सगळं भांड्यांसारखं वाजतं. मी ते दर काही महिन्यांनी बदलून आणते. सीडी कपाटात आहेत. व्हॉल्व्ह आता मिळत नाहीत, म्हणजे मिळतात, पण शोधावे लागतात. हंगाम आला की मी ते शोधायचं ठरवते, आणि ट्रॉल्या कमी झाल्या की विसरते.

पण तेव्हाचं एक सांगायचं राहिलं. मला वाटलं होतं मामा पुण्याचा डबा घेतील. ज्या डब्यानं त्यांना सोडवलं तोच घरात ठेवावा, हे मला सरळ दिसत होतं. त्यांनी तो परत पाठवला आणि व्हॉल्व्हचा ठेवून घेतला. इक्बालभाईंचा डबा त्यांनी इक्बालभाईंनाच देऊन टाकला, तो पुढं त्यांच्या दुकानात वाजायचा.

"मामा, खरा तो होता," मी म्हटलं.

"व्हय, खरा हुता. ऐकून झालं की खरं," ते म्हणाले. "आता रोज कशाला?"

मी अत्तीकडं बघितलं. ती मेथी निवडत होती. "मला काय विचारतीस," ती म्हणाली. "मशीन त्यांचं हाय."

हंगामाच्या शेवटी शेवटी, कारखाने बंद व्हायच्या सुमाराला, मी एका दुपारी न सांगता गेले. जिन्यातूनच गाणं ऐकू येत होतं. आत मामा खुर्चीत डोळे मिटून बसले होते आणि अत्ती खिडकीजवळ, मांडीवर हात ठेवून. चप्पल दाराबाहेर नीट जोडून ठेवलेली. शेवटची बैठक लागली होती. मी दारातच थांबले. व्हॉल्व्ह चांगले तापले होते, आवाज भरून येत होता. ती चढण आली. त्या डब्यातून तिथं श्वास ऐकूच येत नव्हता, एक अखंड, उबदार सूर वर गेला. मामांनी डोळे उघडून अत्तीकडं बघितलं. अत्तीनं मांडीवरचं एक बोट जरासं उचललं, हितं म्हणून, आणि मामांनी मान हलवली.